अडुसष्ट बाय पंचाहत्तर

सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनचा प्रवास ७५ मिलिमीटर, सिलिंडर चार. हिशेब केला की १०८९ सीसी होतात. १९३७ साली तुरिनच्या फियाटने ५०८ सी नावाची गाडी काढली, तेव्हा हे माप पहिल्यांदा लोखंडात उतरलं. दान्ते जाकोझा हे त्या गाडीचे अभियंते. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, त्यावर अॅल्युमिनियमचं हेड, क्रँकला तीन बेअरिंगं आणि ताकद ३२ हॉर्सपॉवर. युद्ध झालं, इटलीत १९५३ साली ११००/१०३ हे नवं मॉडेल आलं, ते पुढे मुंबईत कुर्ल्याला बनू लागलं, त्याची नावं बदलत गेली, १९७४ साली त्याचं नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झालं. पण पेट्रोल इंजिनाचं माप शतक संपेपर्यंत तेच राहिलं.

आपल्याकडे हे इंजिन म्हणजे दादरला जाताना टॅक्सीत बसल्यावर पायाखालून येणारी थरथर. युरोपात त्याची ओळख वेगळी आहे. फ्रान्सची सिम्का कंपनी परवाना घेऊन हीच गाडी ‘सिम्का ८’ नावाने बनवायची. अमेदे गोर्दिनी यांनी तिचं इंजिन तयार करून १९३९ च्या ले मां शर्यतीत उतरवलं. शर्यत चोवीस तासांची. इंजिनाच्या मापाच्या मानाने कोणी किती अंतर तोडलं, या हिशेबाचं एक वेगळं बक्षीस तिथे असे. ते गोर्दिनी आणि त्यांचे जोडीदार स्कारों यांनी नेलं. युद्धानंतर १९४७ च्या जूनमध्ये हजार मैलांची मिल्ले मिल्या पुन्हा सुरू झाली. चिसिताल्या या नव्या कंपनीच्या उघड्या, चिमुकल्या गाडीत फियाट ११०० चंच इंजिन होतं. चालवत होते ताझियो नुवोलारी, वय ५४, तब्येत ढासळलेली. जवळजवळ तिप्पट मापाच्या आल्फा रोमिओच्या पुढे ते बराच वेळ होते. मग धो-धो पाऊस आला, इग्निशनमध्ये पाणी शिरलं आणि ते दुसरे आले. तिसरी आणि चौथीही चिसिताल्याच.

तर ठाण्याच्या कोपरीतल्या एखाद्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला टेकून, चारही टायर बसलेली जी पद्मिनी कुजते आहे, तिच्या बॉनेटखाली नुवोलारींच्या इंजिनाचा चुलतभाऊ आहे. याने तिची किंमत वाढत नाही. भंगारवाला वजनावरच घेतो.

जुन्या शर्यतीच्या गाड्यांच्या जगात सगळा खेळ ‘आत कुठलं इंजिन आहे’ या एका प्रश्नावर चालतो. फोर्ड जीटी ४० घ्या. १९६६ साली ती ले मां जिंकली ती सात लिटरच्या इंजिनावर. नियम बदलले आणि १९६८ व १९६९ साली जिंकली ती पाच लिटरच्या आतल्या इंजिनावर, दोन्ही वर्षं तीच एक गाडी, चासी क्रमांक १०७५. पोर्शे ९१७ बाहेरून पाहिली तर एकसारखी. आत साडेचार, ४.९ आणि पाच लिटरची इंजिनं येऊन गेली. कुठल्या गाडीत कुठल्या शर्यतीला कुठलं होतं, यावर तिकडे माणसं आयुष्यं घालवतात आणि कोट्यवधींचे सौदे अडतात. आपल्याकडे सौदे अडत नाहीत, पण प्रश्न तोच. फियाटचं कुठलं इंजिन हे ओळखायच्या ज्या खुणा होत्या, ज्या वस्तू होत्या, त्या एकेक करून चालल्या आहेत. त्यांची ही नोंद. क्रम लावलेला नाही.

ब्लॉकवरची अक्षरं. दोन जातींची असतात. एक वर उठलेली, साच्यातच असलेली, लोखंड ओततानाच आलेली. दुसरी ठोकलेली, म्हणजे घासून सपाट केलेल्या पट्टीवर पंचाने खोल पाडलेली. इंजिन नंबर तो हा. उठलेलं अक्षर खोटं पाडणं जवळपास अशक्य. ठोकलेला नंबर घासून दुसरा ठोकता येतो आणि पुष्कळदा तो ठोकलेलाही असतो. जाणकार माणूस नंबर वाचत नाही, आधी नंबराखालची जमीन बघतो. कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक समांतर रेघा तिथे आहेत की ग्राइंडरची गोलगोल घासणी आहे, एवढ्यावरून निम्मा निकाल लागतो. उरलेला निम्मा न्यायवैद्यक प्रयोगशाळेत लागतो. पंच मारला की त्याखालचं लोखंड खोलवर दबलेलं असतं. वरचा नंबर घासून काढला तरी आम्ल लावल्यावर दबलेला भाग वेगळा दिसू लागतो आणि पुसलेला आकडा वर येतो. चोरीच्या गाड्यांसाठी ही पद्धत आजही वापरतात. फियाटसाठी कोण वापरणार?

पेन्सिल प्रिंट. आरटीओत पासिंगला किंवा नावावर करायला गाडी नेली की कागदावर चासी नंबराचा ठसा लागायचा. वहीचा पातळ कागद नंबरावर दाबून धरायचा, पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने फिरवायची. काळ्यात पांढरे आकडे उमटतात. सोपं वाटतं, पण नसतं. ग्रीस पुसलेलं नसेल तर कागद सरकतो, पेन्सिल टोकदार असेल तर फाटतो, आणि बॉनेटमध्ये वाकून डाव्या हाताने कागद धरताना घाम टपकला की पुन्हा पहिल्यापासून. ठाण्याच्या आरटीओबाहेरच्या एजंटांकडे यासाठी ठेवलेला पेन्सिलचा बोथट तुकडा असे. चासीचा ठसा सरकारला लागे. शहाणे मेस्त्री त्याच वेळी इंजिन नंबराचाही घेऊन आपल्या वहीत डकवायचे. नजरेने वाचून लिहिलेल्या नंबरात आठाचे तीन होतात, पेन्सिल प्रिंटमध्ये होत नाहीत. शिवाय अक्षराचं वळण, दोन आकड्यांमधलं अंतर, एखाद्या पंचाचा तुटका कोपरा, सगळं जसंच्या तसं उतरतं. मोबाइलच्या फोटोत चकाकीने निम्मं जातं. हे तंत्र अजून चालू आहे, पण पेन्सिल कशी फिरवायची हे माहीत असलेली माणसं कमी झाली आहेत.

आरसी बुक. पुठ्ठ्याचं, घडीचं, कडेला तेलाचे डाग. मालक बदलला की नवी नोंद, इंजिन बदललं की तीही नोंद, गोल शिक्का, साहेबांची सही. म्हणजे गाडीचा अख्खा पूर्वेतिहास एका जागी. नंतर स्मार्ट कार्ड आलं. त्यावर आजचा मालक आणि आजचं इंजिन दिसतं. मधलं काही दिसत नाही. १९८९ पासून पाटीवर एमएच ही अक्षरं आली, ठाण्याला ०४ आणि कल्याणला ०५ मिळाला. त्याआधीच्या पाटीची गाडी आता दिसली तर मी थांबून बघतो.

गॅस्केटचा खिळा. मीठबंदर रोडला एका मेस्त्रींच्या गाळ्यात भिंतीवर एक लांब खिळा होता. त्यावर जुनी हेड गॅस्केटं ओवलेली, एकावर एक, वाळलेली, करपलेली. नवीन गॅस्केट आणायला मुलगा पाठवायचा तर त्याच्या हातात जुनं द्यायचं, कारण दुकानदाराला नुसतं ‘फियाटचं द्या’ म्हणून भागत नाही. गॅस्केटला चार मोठी भोकं असतात, त्यांच्या कडेला धातूची कडी. भोकाचा व्यास बघितला की कुठलं इंजिन ते कळतं. काउंटरवरचे सिंधी काका जुनं गॅस्केट नव्यावर ठेवून उजेडाकडे धरायचे, भोकात भोक बसलं की “ले साईं” म्हणून कागदात गुंडाळायचे. मोजपट्टी काढायचे नाहीत. कोपरीच्या सिंधी वसाहतीतल्या दुकानांत आता मोबाइलची कव्हरं जास्त. मेस्त्रींचा गाळाही बंद आहे. खिळ्यावरच्या गॅस्केटांचं काय झालं, विचारायची सोय नाही.

इथे जरा थांबावं लागेल, कारण फियाटच्या ओळखीतला सगळ्यात अवघड प्रश्न याच भोकाचा आहे.

इटलीत १९५७ साली फियाट १२०० ग्रानलूचे आली. तिचं इंजिन याच घराण्यातलं, फक्त बोअर ६८ चा ७२ केलेला, सीसी १२२१. पुढे तिकडच्या ११०० डी मॉडेललाही हेच १२२१ मिळालं. नाव अकराशे, इंजिन बाराशे. भारतात ११०० डी आली, १९६४ नंतर रस्त्यावर दिसू लागली, लोक तिला ‘डिलाइट’ म्हणू लागले. पण इथलं इंजिन १०८९ च राहिलं. इटलीत पुढे १९६६ साली ११०० आर काढताना तेही पुन्हा १०८९ वर आले आणि १९६९ ला त्यांनी ही गाडीच बंद केली. आपण आणखी तीस वर्षं चालवली.

त्यामुळे एखादी इंपोर्टेड गाडी, किंवा बाहेरून इंजिन आणून बसवलेली गाडी समोर आली की वाद ठरलेला. मालक म्हणणार बाराशेचं आहे. बाहेरून काही कळत नाही. ब्लॉक तोच, हेड तेच वाटतं. आणि नेहमीची युक्ती, प्लगच्या भोकातून सायकलची आरी सोडून पिस्टन किती खाली जातो ते बघायचं, ती इथे पार निकामी. दोघांचाही स्ट्रोक ७५. फरक आहे तो फक्त व्यासात, आणि व्यास हेडखाली झाकलेला.

“मेस्त्री, बाराशेचं आहे हो हे. वडिलांनी जहाजावरून आणवलं होतं.”

“असेल. हेड काढू, मग बोलू.”

हेड काढायला मालक तयार नसेल तर एक उपाय होता. मी तो एकदाच पाहिला. चारही प्लग काढायचे, एका सिलिंडरचे रॉकर सैल करून दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवायचे, पिस्टन तळाला न्यायचा. मग इंजेक्शनची मोठी सिरिंज घेऊन पातळ तेल मोजत मोजत प्लगच्या भोकातून सोडायचं, तोंडाशी येईपर्यंत. गाडी थोडी तिरकी करायची, नाहीतर वर हवा अडकते. आकडा लिहायचा. तेल ओढून काढायचं, पिस्टन माथ्यावर आणायचा, पुन्हा भरायचं. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे त्या एका सिलिंडरचं माप. १०८९ चं असेल तर २७२ मिलिलिटरच्या आसपास, १२२१ चं असेल तर ३०५. फरक तेहतीस मिलिलिटरचा, म्हणजे दोन मोठे चमचे. रिंगा झिजलेल्या असतील तर तेल खाली झिरपतं आणि आकडा फुगतो, म्हणून घाई करायची. त्या दिवशी वजाबाकी २८० च्या आत आली. मालकांनी सिरिंज खोटी ठरवली.

कानाने सांगतो अकराशे की बाराशे, असं म्हणणारे पुष्कळ भेटले. माझा विश्वास नाही. कान सांगतो ते वेगळं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाच्या हाडाला लावली की टॅपेट वाजतोय, पिस्टन थपडा मारतोय की बिग एंडचं बेअरिंग गेलंय, हे चांगला मेस्त्री चुकत नाही. रोग कानाने कळतो. कूळ नाही कळत.

पिस्टनचा माथा. हेड निघालं की पहिलं काम कार्बन खरवडायचं. खाली आकडा सापडतो. मूळ पिस्टन असेल तर एसटीडी, नाहीतर ०.२, ०.४, ०.६. सिलिंडर झिजून लंबगोल झाला की लेथवाल्याकडे नेऊन बोअर मोठा करायचा आणि त्या मापाचा पिस्टन घालायचा. टॅक्सीवाल्याला याने काही फरक पडत नाही. शर्यतीवाल्याला पडतो, आणि हा हिशेब मला फार आवडतो. जुन्या शर्यतींत ११०० सीसीपर्यंतचा एक गट असे. १०८९ म्हणजे वरती फक्त अकरा सीसी शिल्लक. बोअर ६८.२ केला तर १०९६ होतात; चाललं. ६८.४ केला की ११०२. नियमात सूट नसेल तर गाडी गटाबाहेर, थेट मोठ्यांच्या पंगतीत. म्हणजे या इंजिनाला शर्यतीचा जन्म म्हणाल तर दीडच. दुसऱ्या बोअरिंगनंतर ब्लॉक टॅक्सीच्याच कामाचा.

बोअरिंगवाले. कोपरी पूल ओलांडून वागळे इस्टेटकडे गेलं की पूर्वी गल्लोगल्ली. आता इंजिन उघडून बांधायचे दिवस राहिले नाहीत. गाडी आजारी पडली की अख्खा भाग बदलायचा. जे उरले आहेत ते ट्रकचं काम करतात. ६८ चा बोअर आहे म्हटलं की आधी हसतात, मग “ठेवून जा” म्हणतात.

थोडक्यात आणखी काही. बंपरच्या मधल्या भोकातून घालायचं हँडल, ते उलटं फिरून मनगट मोडलेली माणसं कोपरीत माझ्या माहितीची दोन. स्टिअरिंगला लावलेला गिअर. तो जिथे आहे तिथे पुढच्या सीटवर तिघं बसतात. पॉइंट घासायची पातळ कानस. फीलर गेजची पानं, एक हरवलं की सगळा संच वाया. साफ करून पुन्हा विकलेले मायको प्लग. प्रीमियरचा सुट्या भागांचा कॅटलॉग, ज्यात प्रत्येक नटाचं चित्र आणि नंबर होता. याची एक प्रत सांभाळून ठेवलेला माणूस भेटला तर त्याला चहा पाजा.

शर्यतीच्या इंजिनाची खास खूण मात्र यातल्या कशातही नाही. ती खाली असते. पद्मिनीचं तेल खालच्या खोल संपमध्ये साठतं, पत्र्याची परात असावी तसं. चिसिताल्याच्या डी ४६ या १९४६ च्या शर्यतीच्या गाडीत तो संप उथळ करून तेलाची टाकी वेगळी नेली होती, कारण वळणावर तेल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढू लागतो. ताकद साठच्या वर गेली. तेव्हा उथळ संप आणि त्याला जोडलेल्या जाड नळ्या दिसल्या की समजावं. आपल्याकडे असं फियाटचं इंजिन कोणी बांधलंच नसेल असं नाही. जुहूच्या धावपट्टीवर आणि मद्रासजवळ शोलावरमला शर्यती व्हायच्या, आणि तिथे फियाट असायच्याच. पण ती इंजिनं शर्यत संपल्यावर पुन्हा घरच्या गाडीत गेली आणि घरची गाडी पुढे टॅक्सीला गेली. संग्रहालयात कोणीच गेलं नाही.

शिशाचं सील. लांब पल्ल्याच्या शर्यतीत निघताना इंजिन तपासतात, हेडच्या आणि संपच्या बोल्टांना भोकं पाडून तार ओवतात, तारेच्या टोकाला शिशाची गोळी चिमट्याने दाबतात. शेवटी सील तुटलेलं असेल तर गाडी बाद. मधे कोणी नवं इंजिन बसवू नये, म्हणून. मुंबईच्या नझीर हुसेन यांनी १९८० साली हिमालयन रॅली सुरू केली, परदेशी चालक आणि मोठ्या कंपन्यांच्या गाड्या आल्या. तोवर आपल्याकडच्या मेस्त्रींना आंतरराष्ट्रीय पद्धतीची तपासणी ऐकूनच माहीत.

त्याच्याही आधी, १९६८ च्या डिसेंबरात, जगातली एक मोठी शर्यत ठाण्याच्या उंबऱ्यावरून गेली आहे. लंडन ते सिडनी मॅरेथॉन. २४ नोव्हेंबरला लंडनहून ९८ गाड्या निघाल्या. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, खैबर खिंड, दिल्ली आणि पुढे इंदूर-धुळ्यावरून मुंबई. सत्तरहून जास्त गाड्या पोचल्या. मुंबईत त्यांना ‘चुसान’ जहाजावर चढवून ऑस्ट्रेलियाला नेलं. जिंकली ती हिलमन हंटर, तिच्या कुळातलं साधं घरगुती इंजिन १७२५ सीसीचं. आग्रा रोडने मुंबईत शिरायचं तर ठाणं टळत नाही. रस्त्याच्या दुतर्फा माणसं उभी होती, हे तेव्हाच्या वृत्तांतांत आहे. आजोबांच्या पिढीतलं कोणी ‘आम्ही बघितल्या’ म्हणत असेल, तर कुठल्या नाक्यावर उभे होतात, एवढं विचारून लिहून ठेवा.

आता कारखाने. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली. कुर्ल्याला आधी क्रायस्लरच्या गाड्या आणि ट्रक जुळले, मग फियाट आली. त्या जमिनीवर आज कोहिनूर सिटी उभी आहे. दुसरा कारखाना आपल्याच जिल्ह्यात, कल्याण-शीळ रस्त्यावर. नव्वदच्या दशकात तिथे प्यूजो ३०९ निघाली, चांगली गाडी होती, आणि दशक संपायच्या आत गुंडाळली गेली. तिचं डिझेल इंजिन मात्र गंमतीचं. तेच १५२७ सीसीचं इंजिन मारुतीच्या झेन आणि एस्टीममध्येही बसलं, आणि प्यूजो गेल्यावर तिचे भाग मारुतीच्या नावाने शोधायचे, हे डोंबिवलीच्या मेस्त्रींनी सगळ्यांच्या आधी ओळखलं. कारखान्याच्या जागेला लोक अजून प्रीमियर ग्राउंड म्हणतात. कशाचं प्रीमियर, हे नवीन टॉवरमधल्यांना विचारू नये.

प्रीमियरने स्वतःही घोळ वाढवून ठेवला. ११८ एनई काढली, दिसायला फियाट १२४, आत निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन, बोअर ७३, स्ट्रोक ७०; हे घराणंच वेगळं. पद्मिनीत पुढे १३६६ सीसीचं इटालियन डिझेल आलं. मग सीएनजीचे किट. मग ज्याला जे मिळेल ते. आज बॉनेट उघडून ‘हे मूळचं’ असं छातीठोक सांगता येईल अशी पद्मिनी मिळणं कठीण. टॅक्सी तर नाहीच. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत एकही उरली नाही. त्या आठवड्यात सगळ्यांनी हळवं लिहिलं. कोणीही बॉनेट उघडून इंजिन नंबरांची यादी केली नाही. करायला हवी होती, दोन माणसांचं काम होतं.

हे सगळं हौसेचं म्हणून सोडून देता आलं असतं, पण आता कायद्यालाही इंजिनाची ओळख लागते. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली खाजगी चारचाकी आणि दुचाकी यात येते. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार केलेला नसावा. नवी नोंदणी वीस हजार रुपये, नूतनीकरण पाच हजार, मुदत दहा वर्षं, आणि पाटीवर व्हीए ही अक्षरं. रोजच्या वापराला किंवा धंद्याला गाडी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती अशा मोजक्या कामांनाच बाहेर काढायची. पद्मिनी हे नाव १९७४ चं, म्हणजे पहिल्या पद्मिनी २०२४ पासून या नियमात बसू लागल्या. त्याच गाडीची आधीची नावं डिलाइट आणि प्रेसिडेंट, त्या आधीच बसल्या.

तेव्हा वाचकांना एकच विनंती. घरात, माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत फियाटचं जुनं आरसी बुक सापडलं तर रद्दीत घालू नका. देशात आधी नोंदलेल्या गाडीच्या व्हिंटेज अर्जाला ते जोडावं लागतं. आणि मागच्या भिंतीला लागलेली गाडी भंगारात द्यायचीच असेल तर द्या, जागा अडते हे खरंच आहे. पण टेम्पो यायच्या आधी बॉनेट उघडा, रॉकेलच्या बोळ्याने ब्लॉकची पट्टी पुसा, आणि पेन्सिल आडवी धरून नंबर कागदावर उतरवून घ्या. तारीख घाला. गाडी कुठे उभी होती तेही लिहा. पंधरा मिनिटांचं काम आहे.